अडीच फुटी रुळांच्या मागावर

मराठवाड्यातील रेल्वेचा विषय निघाला की प्रथम निजामाच्या मीटरगेजचे नाव घेतले जाते. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी गावे जोडत सिकंदराबादकडे जाणारा तो मार्ग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पुरा झाला. आमच्या धाराशिव जिल्ह्याला मात्र त्याचा स्पर्शही झाला नाही. या जिल्ह्यात आगगाडी आली ती पश्चिमेच्या इंग्रजी मुलखातून, लंडनमध्ये नोंदलेल्या एका खाजगी कंपनीच्या मालकीची आणि दोन रुळांमध्ये जेमतेम अडीच फुटांचे अंतर असलेली. बार्शी लाईट रेल्वे हे तिचे नाव. आजही या भागातील साठी ओलांडलेली माणसे तिचा उल्लेख ‘बार्शी लाईट’ असाच करतात. पुढची ‘रेल्वे’ त्यांना लावावी लागत नाही.

या गाडीचे रूळ उखडले गेले त्याला आता पंधरा-वीस वर्षे होतील. इतिहासाच्या दृष्टीने हा काळ मोठा अडचणीचा. वस्तू पुराणवस्तू म्हणून जपावी इतकी जुनी झालेली नसते आणि वापरात नसल्यामुळे तिची निगा कोणी राखत नाही. भंगारात जाण्याचा काळ तो हाच. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघा सहकाऱ्यांनी एक मोटार घेतली आणि कुर्डुवाडी ते लातूर हा जुना मार्ग जमेल तितका रस्त्याने धुंडाळला. विलायतेत असे प्रवास हौसेने केले जातात. वाफेची इंजिने जपणाऱ्या छोट्या छोट्या रेल्वे, जुन्या गिरण्यांची संग्रहालये असे एकेक ठिकाण गाठत लोक आठवडाभराची सुट्टी घालवतात. आमच्या वाटेवर तिकीट काढून पाहावे असे औद्योगिक संग्रहालय एकही नव्हते. जे होते ते उघड्यावर होते.

आरंभ कुर्डुवाडीपासून करणे भाग होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-सोलापूर मार्ग १८५९ साली इथवर पोचला तेव्हा या स्थानकाला नाव दिले गेले ‘बार्शी रोड’. स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ लागले की ते गाव तिथे नाही एवढे प्रवाशाने समजून घ्यावे, असा आपल्या रेल्वेचा जुना संकेत आहे. बार्शी तेथून सुमारे पस्तीस किलोमीटर पूर्वेला. कापूस, जवस, करडई यांची ती मोठी बाजारपेठ. निजामाच्या हद्दीतला माल बैलगाड्यांनी बार्शीत उतरे आणि तेथून पुन्हा बैलगाड्यांनीच बार्शी रोडला जाई. मुख्य रेल्वे आल्यावरही तब्बल सदतीस-अडतीस वर्षे हा मधला टप्पा बैलांच्याच मानेवर होता.

ते अंतर रुळांनी भरून काढण्याची कल्पना एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची. १८५७ साली जन्मलेला हा माणूस १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिनांचा निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. नोकरी करता करताच त्याच्या डोक्यात बार्शीच्या मार्गाने घर केले आणि पुढे त्यापायी त्याने नोकरीही सोडली. सरकारदरबारी खेटे, भांडवलासाठी लंडनच्या वाऱ्या यांत वर्षे गेली. अखेर १८९५ साली कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली.

कॅलथ्रॉपचा विचार काय होता हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ‘छोटी गाडी’ म्हणून आपण जिची थट्टा केली ती मुळात फार काटेकोर हिशेबाने आखलेली होती. रुळाची किंमत त्याच्या वजनावर ठरते आणि रुळाचे वजन ठरते ते त्यावर येणाऱ्या सर्वात जड आसावरून. सामान्यतः इंजिनाचे आस जड आणि वाघिणींचे हलके असतात. म्हणजे एकट्या इंजिनासाठी सबंध मार्गभर जड रूळ अंथरावे लागतात आणि बाकीच्या गाडीखाली त्यांची ताकद वाया जाते. कॅलथ्रॉपने ठरवले की इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. मग यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो. यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्याने आठ जोडचाकांची इंजिने बांधून घेतली, जेणेकरून इंजिनाचे ओझे अधिक आसांवर विभागले जावे. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे केले. त्यामुळे वाघिणीचे स्वतःचे वजन घटले आणि मालाचे वाढवता आले. हे सारे सामान जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून त्याची चाचणी घेण्यात आली आणि ती पाहण्यासाठी रेल्वेक्षेत्रातील मंडळींना पाचारण केले गेले. बार्शीच्या आडत बाजारातला कापूस वाहायला निघालेली गाडी आधी यॉर्कशरमध्ये धावून दाखवत होती, ही गोष्ट आम्हाला आजही मौजेची वाटते.

बार्शीत यशस्वी ठरलेली ही पद्धत मग उलट दिशेने इंग्लंडात गेली. स्टॅफर्डशरमधील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे कॅलथ्रॉपच्याच आखणीने १९०४ साली सुरू झाली. तिचे माप तेच अडीच फूट, इंजिने किटसनचीच, त्यांवर हिंदुस्थानी धाटणीचे मोठाले दिवे. आणि दोन इंजिनांपैकी एकाचे नाव चक्क ई. आर. कॅलथ्रॉप. वसाहतीने साम्राज्याकडून तंत्र घेतले हे आपण शिकवतो. इथे तंत्राचा कस बार्शीच्या काळ्या मातीत लागला आणि त्याची आवृत्ती इंग्रजी दरीत निघाली.

आता त्या पद्धतीतला दोष. बार्शी रोडला दोन मापे एकत्र येत. लहान वाघिणीतली प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते हमालांनी उतरवून मोठ्या वाघिणीत चढवायचे. वेळ जाई, मजुरी पडे, माल फुटे. कॅलथ्रॉपला हे ठाऊक नव्हते असे नाही. मॅनिफोल्डच्या मार्गावर त्याने मोठ्या मापाची वाघीण जशीच्या तशी पाठीवर घेणाऱ्या खास गाड्या करून घेतल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यात मात्र माणसाची पाठ स्वस्त होती.

मार्गाचा विस्तार दोन्ही अंगांनी झाला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला पोचला आणि कंपनीला आषाढी-कार्तिकीचे उत्पन्न मिळू लागले. यात्रेच्या दिवसांत मालवाहू वाघिणींतूनही माणसे नेली जात. विठ्ठलाच्या भेटीला पायी जाणाऱ्यांच्या परंपरेत रेल्वेने जाणारा वारकरी हा एक नवा प्राणी त्या काळात जन्माला आला. त्याचा अभ्यास आपल्याकडे झालेला नाही असे वाटते. पूर्वेकडे गाडी बार्शीहून पुढे सरकत तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. १९२७ मध्ये पंढरपूर-मिरज जोडले गेले आणि लातूर ते मिरज असा सुमारे ३२५ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला.

बार्शीपुढचा हा विस्तार आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, कारण येथे गाडी सरहद्द ओलांडत होती. बार्शी तालुका मुंबई इलाख्यातला. पांगरी सोडून येडशीकडे चढू लागले की हैदराबाद संस्थान. संस्थानाचे नाणे वेगळे, टपाल वेगळे, जकातीचे खाते वेगळे. त्या जकातीला इकडे ‘करोडगिरी’ म्हणत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते (ते वेगळे झाले १६ ऑगस्ट १९८२ रोजी). लातूरच्या बाजारपेठेचा जो नावलौकिक पुढे झाला त्याची सुरुवात या अडीच फुटी रुळांपासून होते. ज्या जिल्ह्यातून ती जात होती त्याच्या मुख्य गावाला मात्र तिने वगळले. उस्मानाबाद मार्गाच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर राहिले. जिल्ह्याच्या गावाला जाणारा उतारू येडशीला उतरे आणि पुढे टांगा किंवा मोटार पाही. जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानक व्हायला २००७ साल उजाडावे लागले.

येडशीच्या अलीकडचा रामलिंगचा घाट हा आमच्या प्रवासातला सर्वात देखणा भाग. बालाघाटाची ही कड आज अभयारण्यात मोडते. पावसाळा नुकताच सरल्यामुळे डोंगर अजून हिरवे होते. गेजबदल करताना नव्या मार्गाची आखणी बदलली गेली आणि तो उस्मानाबादकडून वळवून घेतला. त्यामुळे जुन्या मार्गाचा हा तुकडा रेल्वेच्या दृष्टीने अनाथ झाला. एरवी ब्रॉडगेजचा रुंद भराव जुन्या अरुंद भरावाला पोटात घेतो आणि काही उरत नाही. इथे आखणी बदलली म्हणूनच थोडेफार उरले आहे. घोटीव दगडांच्या मोऱ्या, चुन्याचे दर्जे, कातळ फोडून केलेली अरुंद वाट. अडीच फुटी गाडीला घाटात तीव्र वळण घेता येई, म्हणून डोंगराला फार न दुखवता ती त्याच्या कडेकडेने जाते. शेजारून जाणारा आजचा हमरस्ता डोंगराशी कसा वागला आहे ते पाहिले की दोन काळांच्या अभियांत्रिकीतला फरक सांगावा लागत नाही. अर्थात त्या काळी सुरुंगाचा आणि पुलांचा खर्च परवडत नव्हता हेही खरे. त्याला निसर्गप्रेम म्हणणे भाबडेपणाचे होईल.

या मार्गावरची गावे इतिहासात वेगवेगळ्या दारांनी शिरली आहेत. कसबे तडवळे हे कळंब रोड स्थानकालगतचे गाव. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत येथे महार-मांग वतनदार परिषद झाली. निजामाच्या राज्यात अशी परिषद भरवणे सोपे नव्हते, आणि ती भरली ती औरंगाबाद वा हैदराबादेत नव्हे तर सरहद्दीपासून जवळ, रुळांच्या कडेला असलेल्या या गावी. १९४७-४८ मध्ये याच सरहद्दीच्या अलीकडे, बार्शी तालुक्यात, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी फौजा शिरल्या त्या सोलापूर-नळदुर्गच्या रस्त्याने. आणि सरहद्द पुसली गेल्यावरही सहा वर्षे नाही तरी पाच वर्षे रेल्वे मात्र लंडनच्या कंपनीचीच राहिली होती. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेऊन मध्य रेल्वेत सामील केली.

या ताब्याची एक बाजू रेल्वेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. ती कायद्याच्या पुस्तकांत येते. कंपनीने मार्ग सरकारकडे सोपवण्यापूर्वी सर्व कामगारांना सेवा संपल्याच्या नोटिसा दिल्या. बहुतेकांना सरकारी रेल्वेने पुन्हा कामावर घेतले. पण जुनी सेवा संपली ती संपलीच. औद्योगिक कलह कायद्यात १९५३ सालीच कामगारकपातीच्या भरपाईची तरतूद झाली होती. तिच्या आधारे कामगारांच्या वतीने केशव नीळकंठ जोगळेकर यांनी दावा लावला. मेरठ कटाच्या खटल्यातले आरोपी, मुंबईच्या गिरणी आणि रेल्वे कामगारांचे पुढारी ते हेच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २७ नोव्हेंबर १९५६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की कपात म्हणजे चालू धंद्यातील जादा कामगार कमी करणे. धंदाच बंद झाला किंवा मालक बदलला तर त्याला कपात म्हणता येणार नाही, सबब भरपाई नाही. निकालाने देशभर खळबळ उडाली आणि पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन, धंदा बंद झाला किंवा हस्तांतरित झाला तरी कामगाराला भरपाईचा हक्क देणारी कलमे आली. ती लागू धरली गेली २८ नोव्हेंबर १९५६ पासून. म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शी लाईटच्या कामगारांनी हरलेल्या लढ्यामुळे देशातल्या इतर कामगारांना संरक्षण मिळाले, त्यांना स्वतःला मिळाले नाही. कामगार कायदा शिकणारा विद्यार्थी आजही या खटल्याचे नाव पाठ करतो. बार्शी कुठे आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नसते. कुर्डुवाडीत, बार्शीत, लातुरात कुठेतरी एका दगडावर एवढी हकिगत कोरलेली असावी असे आम्हाला वाटते.

ढोकीहून आम्ही वाट थोडी वाकडी करून तेरला गेलो. रेल्वेच्या शोधात निघालेल्यांनी तेरला जाण्याचे कारण काय, असा प्रश्न पडू शकेल. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात या गावाचा उल्लेख आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे थोरले नगर, तेथून जाडेभरडे कापड आणि तलम वस्त्रे वाटेविना असलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जातात. तेरणेच्या काठची काळी जमीन, तिच्यातला कापूस आणि समुद्राकडे जाणारी गाडी ही त्रयी इतकी जुनी आहे. कॅलथ्रॉपने फक्त बैल बदलले.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. एका खाजगी संग्राहकाने आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंतून ते उभे राहिले. मातीच्या मूर्ती, मणी, रोमन व्यापाराच्या खुणा. इटलीतल्या पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी मूर्ती याच गावची. शेतात नांगराला लागलेली खापरे लोक फेकून देत होते तेव्हा एक माणूस ती उचलून घरी आणत होता, म्हणून आज सातवाहनकालीन तेरविषयी आपण काही बोलू शकतो. बार्शी लाईटला असा माणूस मिळाला आहे काय? पितळी तिकिटयंत्रे, हातदिवे, लाल-हिरवी निशाणे, स्थानकमास्तरांच्या नोंदवह्या, मालाच्या पावत्या या वस्तू कुणाच्या तरी माळ्यावर आजही असतील. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बैलगाडीच्या व्यापाराचा पुरावा ढोकीपासून हाकेच्या अंतरावर काचेच्या कपाटात सुरक्षित आहे, आणि वीस वर्षांपूर्वी ढोकीलाच थांबणाऱ्या गाडीचा नाही.

छोट्या गाड्या जपण्याला आपल्या देशाचा विरोध आहे असे मात्र म्हणता येत नाही. दार्जिलिंगच्या गाडीला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये आणि कालका-सिमल्याला २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. नेमक्या याच वर्षांत बार्शी लाईटचे एकेक तुकडे उखडले जात होते: कुर्डुवाडी-पंढरपूर आधी, मग लातूर-उस्मानाबाद ब्रॉडगेज सप्टेंबर २००७ मध्ये, उस्मानाबाद-कुर्डुवाडी ऑक्टोबर २००८ मध्ये, शेवटी मिरजेची बाजू. महाराष्ट्रात माथेरानची गाडी टिकली. नागपुरात मोतीबागेला २००२ साली नॅरोगेजचे संग्रहालय झाले. जपलेल्या मार्गांची यादी पाहिली तर त्यांतले बहुतेक थंड हवेच्या ठिकाणी जाणारे आहेत. साहेबाला उन्हाळ्यात जिथे जावेसे वाटे तिथली गाडी वारसा ठरली. कापसाच्या गाठी, तुरीची पोती आणि वारकरी वाहणारी गाडी मागासलेपणाची खूण ठरली. यात दोष एकट्या रेल्वे खात्याचा नाही. रुंदीकरणाची मागणी आम्हा लोकांचीच होती, आणि ती योग्यच होती. गाडीतून उतरावे, शेतातली हरभऱ्याची डहाळी उपटावी आणि पुन्हा त्याच गाडीत चढावे, ही गोष्ट देशातल्या प्रत्येक छोट्या गाडीविषयी सांगितली जाते. ती सांगणाऱ्याला बहुधा त्या गाडीने आजारी माणूस मिरजेच्या दवाखान्यात न्यावा लागलेला नसतो. ती गाडी जशीच्या तशी चालू राहायला हवी होती असे आमचे म्हणणे नाही. पण मॅनिफोल्डची रेल्वेही १९३४ साली तोट्यात जाऊन बंदच पडली होती. तीन वर्षांत तिच्या मार्गाची पायवाट करून ती लोकांना खुली करण्यात आली आणि आजही लोक तिच्यावरून चालतात. रामलिंगच्या घाटातल्या चार-दोन मैलांपुरते एवढे करायला रूळ लागत नाहीत, इंजिनही लागत नाही.

एक धागा मात्र तुटलेला नाही. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना मूळचा नॅरोगेजसाठी उभा राहिलेला. स्वतःच्या दाराशी अडीच फुटी रूळ उरले नसतानाही माथेरानच्या दोन फुटी गाडीच्या दुरुस्तीची कामे या कारखान्याकडे येत राहिली. छोट्या मापाची चाके आणि त्यांचे दुखणे ओळखणारे हात तिथे होते, हे त्याचे साधे कारण. वस्तू नाहीशी झाली तरी कसब काही पिढ्या टिकते. त्याची नोंद करायची तर ती आजच्या कामगारांशी बोलूनच करावी लागेल.

मुरूड, औसा रोड, हरंगूळ ही पुढची स्थानके आम्ही भराभर मागे टाकली. तेथे ब्रॉडगेजने जुने काही ठेवलेले नाही. हरंगूळजवळ आता रेल्वेच्या डब्यांचा नवा कारखाना उभा आहे. लातुरात जुने स्थानक ऐन शहरात, बाजाराला खेटून होते. नवे शहराबाहेर गेले. जुन्या स्थानकाच्या परिसरातून फिरताना बाजाराची ठेवण पाहिली की आडतीची दुकाने कोणाकडे तोंड करून बसली होती ते कळते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नाही तेव्हा ते रेल्वेने आणावे असे ठरले. पाणी होते कृष्णाकाठी, मिरजेला. १२ एप्रिलला पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या येत राहिल्या आणि ऑगस्टपर्यंत शंभरावर खेपा झाल्या. वृत्तपत्रांनी तिला ‘जलदूत’ म्हटले आणि मिरज-लातूर हे अंतर नकाशावर काढून दाखवले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, ढोकी, लातूर. थोड्या फेरफाराने ती बार्शी लाईटच्याच स्थानकांची यादी होती.